सासूबाईंच्या आवाजाचा मर्ज

घशाच्या ऑपरेशनमध्ये सासूबाईंचा आवाज गेला आणि आमच्या घरात पहिल्यांदाच शांतता आली. ती कुणालाच मानवली नाही. त्यांनी टाइप करावं आणि टॅबलेटने बोलावं, असा प्रोग्राम मी आणि नणंदेने मिळून लिहिला. कोड सगळ्या जगाला खुला ठेवला, पण आम्हा दोघींच्या होकाराशिवाय एकही बदल आत घ्यायचा नाही असं ठरलं. हा नियम अर्थात नणंदेचा.

नणंद दुसऱ्या गावी राहते, तरी इंटरनेटवरून कायम माझ्या मानगुटीवर बसलेली असते. प्रोग्राम मुळात तिच्या मताने चालायचा: आईने वाक्य पूर्ण लिहावं, मगच टॅबलेटने तोंड उघडावं. मी म्हणायचे, तोवर गप्पांचा विषय बदलतो; शब्द लिहिला की लगेच ऐकू आला पाहिजे. एकदा दोघींनी एकाच वेळी त्याच ओळी आपापल्या मताने बदलल्या. झालं, कॉन्फ्लिक्ट! कॉम्प्युटरने दोघींच्या ओळी एकाखाली एक मांडल्या आणि निस्तरायचं काम आमच्यावर सोपवून हात झटकले.

"बाई गं, तुझ्या पद्धतीने आईंचं 'आग लागली' आग विझल्यावर ऐकू येईल," मी खाली शेरा लिहिला.

"वहिनी, तुझ्या पद्धतीने आई एकेक शब्द थुंकल्यासारखी बोलेल," तिचं उत्तर आलं.

कुठले कुठले अनोळखी प्रोग्रामर हे चवीने वाचत होते. शेवटी वाद नको म्हणून मी दोघींच्याही ओळी ठेवून मर्ज केलं, म्हणजे दोन्ही बदल एकत्र जोडून टाकले. तिनेही लगेच हो म्हटलं. आपली ओळ शाबूत आहे ना, एवढंच दोघींनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेजारीणबाई आल्या त्या बसल्याच. आधी मनातलं लिहायचं, मग ते पुसून जनातलं लिहायचं, ही सासूबाईंची सवय. "कधी... उठणार... ही... बया," टॅबलेट खणखणीत बोलला. सासूबाईंनी घाबरून सगळं पुसलं. "बसा... अजून... थोडा... वेळ," आणि त्यावर पूर्ण वाक्य, अगदी लाघवी आवाजात, "बसा अजून थोडा वेळ!" शेजारीणबाई चप्पल हातात घेऊनच निघाल्या.

मी हसून हसून बेजार झाले. पण सासूबाईंनी टॅबलेट कपाटात ठेवून दिला आणि त्या दिवसापासून नुसत्या मानेने हो-नाही करू लागल्या. मग मात्र माझं हसू पळालं. ज्यांच्या टोमण्यांनी इतकी वर्षं जीव नकोसा केला, त्यांचा एखादा टोमणा ऐकायला मी आसुसले. त्या आता कधीच बोलल्या नाहीत तर?

नणंदेला व्हिडिओ कॉल लावला. "तू तुझी ओळ काढ." "आधी तू काढ." सासूबाई उठल्या, कपाटातून टॅबलेट काढून टाइप करू लागल्या. टॅबलेटमधून एकेक शब्द येत होता, पण आमच्या भांडणात तो बुडून जात होता. त्यांनी पेला टेबलावर दाणकन आपटला. आम्ही गप्प झालो, तेव्हा कुठे त्यांचं वाक्य ऐकू आलं.

"लवकर बोलता येतं की उशिरा, याचं मला काही नाही. मी लिहायला लागले की तुम्ही थांबत नाही. पूर्वी मी मध्येच ओरडायचे. ते मला परत द्या."

आम्ही दोघींनी आपापल्या ओळी पुसल्या आणि नवीन लिहिल्या. आता स्क्रीनवर एक मोठं बटण आहे. ते दाबलं की टॅबलेट ओरडतो, "थांबा गं, मी बोलतेय!" मग सासूबाईंनी हवं तेवढं लिहावं, पुसावं आणि वाटेल तेव्हा दुसरं बटण दाबून ऐकवावं.

पहिल्याच दिवशी व्हिडिओ कॉलवर आमची त्या मोठ्या बटणाच्या रंगावरून जुंपली.

"थांबा गं, मी बोलतेय!"

आम्ही थांबलो. सासूबाईंनी एका बोटाने लिहिलं, पुसलं, चष्मा साफ केला, पुन्हा लिहिलं. माझा चहा निवला. पलीकडे नणंद श्वास रोखून बसली होती. शेवटी त्यांनी दुसरं बटण दाबलं.

"काही नाही. थांबता का, तेवढंच बघितलं."