कोस्केलांच्या घरातली दोन मतं

रेयो कोस्केला पडला नोव्हेंबरात. गॅरेजसमोर बर्फ उपसायचं यंत्र चालू करत होता. हेल्मीने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं तेव्हा यंत्र धडधडत होतं आणि तो शेजारी आडवा पडलेला होता. पक्षाघात. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. राहिला एकच शब्द, "बरं." भूक लागली तरी बरं, पाठ दुखली तरी बरं, कूस बदलताना कळ आली तरी डोळे मिटून बरं. जानेवारीत त्याला कागदगिरणीच्या मागच्या रस्त्यावरच्या शुश्रूषागृहात जागा मिळाली, आणि हेल्मी एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा घरात एकटी राहायला लागली.

आता रडू येईल, मग येईल, म्हणून ती वाट पाहत राहिली. आलं नाही. दुःख झालं असतं तरी तिला चाललं असतं, पण तसंही काही नव्हतं. सकाळी उठायचं, बर्फ वितळायला पायऱ्यांवर मीठ टाकायचं, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, रेयोला दलिया भरवायचा, परत यायचं. लोक विचारायचे, "कशी आहेस?" ती म्हणायची, "आहे." मार्चमध्ये संसदेची निवडणूक जाहीर झाली तेव्हा तिने रेडिओ बंदही केला नाही आणि ऐकलाही नाही.

एप्रिल आला. तळ्यावरचा बर्फ काळा पडला, पण फुटला नव्हता. रस्त्याकडेच्या चिखलात पाट्या उभ्या राहिल्या. लाल लिबरलांच्या, निळ्या कॉन्झर्व्हेटिव्हांच्या, नारिंगी एनडीपीच्या, म्हणजे कामगारांच्या पक्षाच्या. मधूनच एखादी हिरवी.

मतदानाच्या आठ दिवस आधी कॅलगरीहून मुलीचा, हायडीचा फोन आला.

"आई, बाबांचं मत होणार ना?"

"होणार. मतपेटी तिकडेच आणतात. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मला मदतीला बसता येतं."

"मग ऐक. निळ्याला दे."

"मी नाही द्यायचं. त्यांनी सांगायचं, मी फुली मारायची."

"आई, ते काय सांगणार आहेत! गेल्या उन्हाळ्यात इथे आले होते ना, तेव्हा व्हरांड्यात बसून मला म्हणाले होते, गिरणी बंद पडली तेव्हा नारिंगीवाले नुसते फोटो काढून गेले, आता बास झालं त्यांचं. माझ्या कानांनी ऐकलंय."

"निळ्याला देणार असं म्हणाले?"

"तसं सरळ नाही म्हणाले. पण दुसरा अर्थ काय होतो?"

हेल्मीने फोनची वायर बोटाला गुंडाळली, सोडली. "बघते," ती म्हणाली.

रेयोचा धाकटा भाऊ आर्वो गुरुवारी आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मासे, सोलून साफ केलेले. आर्वो चौतीस वर्षं गिरणीत होता, त्यातली बारा युनियनचा सचिव. बायको गेल्यापासून तो आठवड्यातून एकदा असाच काहीतरी घेऊन यायचा, आणि बूट न काढता दारातल्या पायपुसण्यावर उभा राहून बोलायचा.

"सोमवारी मतपेटी नेणार म्हणे रेयोकडे."

"हो."

"त्याचा हात घट्ट धर. नारिंगीवर. पोरगी काहीबाही सांगेल तुला. तिकडे तेलकंपन्यांच्या पैशावर पोट भरतंय तिचं, ती दुसरं काय बोलणार."

"ती म्हणते, तो यंदा बदलणार होता."

"रेयो?" आर्वो हसला, पण नीट नाही. "आमच्या बापाने संपात दोन दात घालवले, हेल्मी. रेयो कसला बदलतोय! तुला कधी म्हणाला का तो?"

"मला कधीच काही म्हणाला नाही."

हे खरं होतं. हेल्मीचं मत लग्नाआधीपासून लाल. आईचं लाल म्हणून तिचंही लाल. दोघं भाऊ नारिंगी. पहिल्या वर्षी एकदा यावरून जेवणाची ताटं तशीच राहिली होती, तेव्हापासून त्या घरात तो विषय निघाला नव्हता. मतदानाच्या दिवशी दोघं एकाच गाडीतून जायचे, दोन वेगवेगळ्या आडोशांमागे उभे राहायचे, येताना डोनट घेऊन यायचे.

"तुझं तू लालवर मार, मी काही म्हणत नाही," आर्वो म्हणाला. "पण त्याचं तेवढं सांभाळ. घरातलं एक तरी."

"एक तरी म्हणजे? तुझं आहे ना?"

"आहे की," तो म्हणाला, आणि मासे तिच्या हातात देऊन पायऱ्या उतरला.

उमेदवारही येऊन गेले. लाल पक्षाच्या बाई आल्या त्या दिवशी पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होते. हेल्मीने त्यांना एकच गोष्ट विचारली. रेयोच्या मजल्यावर अठ्ठावीस माणसं आहेत आणि सकाळी त्यांना उठवायला, धुवायला, भरवायला दोन बायका. हे बदलेल का? बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं, तिचा हात दोन्ही हातांत धरला, पत्रक दिलं. निळ्या पक्षाचा माणूस फार घाईत होता. त्यानेही मान हलवत ऐकलं, आपले वडील असेच गेले म्हणाला, पत्रक दिलं. हेल्मीने दोन्ही पत्रकं ओल्या बुटांखाली अंथरली.

शनिवारी नारिंगी पक्षाचा आला. नोएल प्रोव्हो, शाळेत भूगोल शिकवायचा. नाक लाल झालेलं, जाकिटाची चेन तुटलेली. तिने तेच विचारलं.

त्याने नाक पुसलं. "ते आमच्या हातात नाही, मिसेस कोस्केला. शुश्रूषागृहं प्रांताच्या सरकारकडे असतात. मी ओटावाला, संसदेत निवडून गेलो तरी त्या मजल्यावर एक बाईसुद्धा वाढवू शकणार नाही."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"दारोदार फिरायचं म्हणून आलो," तो म्हणाला. मग स्वतःच ओशाळला. "माफ करा. सकाळपासून सत्तर दारं झाली. पण तुम्हाला खोटं कशाला सांगू?"

"चहा घेणार का?"

"शौचालय वापरू का जरा?"

त्याने शौचालय वापरलं, आभार मानले आणि गेला. पत्रक द्यायचं विसरला.

सोमवारी सकाळी दहाला मतपेटी शुश्रूषागृहाच्या जेवणघरात आली. पेटीबरोबर जिनेट होती. ती एरवी गावातल्या बायकांचे केस कापायची. आज गळ्यात अधिकाऱ्याची ओळखपट्टी. टेबलांवर अजून दलियाचे डाग होते. रोविना नावाची फिलिपिनो परिचारिका एकेकाला चाकांच्या खुर्चीतून आणून रांगेत लावत होती. रेयोला तिने निळा स्वेटर घातला होता. केस ओले करून एका बाजूला वळवले होते, त्याने कधीच वळवले नव्हते त्या बाजूला.

"छान दिसतोस," हेल्मी म्हणाली.

"बरं," रेयो म्हणाला.

जिनेटने हेल्मीपुढे कागद सरकवला. "ही शपथ वाच आणि सही कर. तो सांगेल तिथेच फुली मारायची. आणि त्याने कुणाला दिलं ते कुणालाही सांगायचं नाही. कुणालाही म्हणजे पोरीलासुद्धा नाही, हेल्मी. माझ्या खुर्चीत केस कापताना मलाही नाही."

हेल्मीने सही केली. पुठ्ठ्याच्या आडोशामागे तिने मतपत्रिका उघडली. काळ्या पट्ट्यावर पाच नावं, प्रत्येकासमोर पांढरा गोल. ती रेयोच्या कानाशी वाकली. त्याच्या कानामागे साबण राहिला होता. तो तिने अंगठ्याने पुसला.

तिने पहिलं नाव वाचलं, पक्ष सांगितला.

"बरं."

दुसरं नाव वाचलं.

"बरं."

तिसऱ्याला बरं. चौथ्याला बरं. पाचव्यालाही तोच सूर, तोच चेहरा. तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं, सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघत. प्रोव्होच्या नावाला थांबली, निळ्याच्या नावाला थांबली. डोळे तिच्याकडे बघत होते, पण त्यात होय-नाही काही नव्हतं. आपण नेमकं काय शोधतोय, हे तिलाही धड कळेना. त्याने सांगितलं असतं तर ती ते ऐकायला तयार होती, एवढंच.

"होतंय का?" जिनेटने बाहेरून विचारलं.

"सगळ्यांना बरं म्हणतोय."

"मग नाही चालणार गं. त्याने सांगितलं नाही तर मला पत्रिका परत घ्यावी लागेल."

हेल्मीने पेन्सिल खाली ठेवली. पत्रिकेची घडी घालायला हात पुढे केला, तेवढ्यात रेयोचा डावा हात उठला. नोव्हेंबरपासून त्या हाताने त्याने चमचासुद्धा आपणहून उचलला नव्हता. त्याने पेन्सिल घेतली. मुठीत धरली, छिन्नी धरावी तशी. जिभेचं टोक ओठांत पकडून तो कागदावर वाकला आणि वरून दुसऱ्या गोलात एक तिरपी रेघ ओढली. दमला. श्वास घेतला. दुसरी रेघ पहिलीवर आडवी आणली. फुली गोलाच्या आत होती, कुठेही बाहेर गेली नव्हती.

दुसरं नाव होतं व्हर्नन टटल. कुठल्याच पक्षाचा नव्हता, अपक्ष. त्याची एकही पाटी गावात नव्हती, तो कसा दिसतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

"रेयो, हाच का?" तिने हळूच विचारलं. "नक्की?"

"बरं," रेयो म्हणाला आणि पेन्सिल टेबलावर नीट आडोशाला समांतर ठेवली.

त्याला तोच हवा होता, की हाताला तो गोल जवळ पडला? त्याला चिडून कुणालाच द्यायचं नव्हतं, की फुली मारायची एवढंच आठवलं होतं? हेल्मीने पत्रिकेची घडी घातली, त्याच्या बोटांत दिली, आणि त्याचा हात धरून पेटीच्या फटीपर्यंत नेला. रोविनाने टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या आणखी दोघांनी वाजवल्या.

दुपारी ती स्वतःचं मत द्यायला चर्चच्या तळघरात गेली. आडोशामागे पेन्सिल घेऊन उभी राहिली तेव्हा लाल नाव समोरच होतं, हात सवयीने तिकडे गेलाही. मग थांबला. त्या बाई वाईट नव्हत्या. पण त्यांनी काय सांगितलं होतं ते हेल्मीला आठवेना. निळ्याचंही आठवेना. सबंध निवडणुकीतलं एकच वाक्य तिच्या डोक्यात राहिलं होतं: एक बाईसुद्धा वाढवू शकणार नाही. तिने प्रोव्होच्या गोलात फुली मारली. आई काय म्हणाली असती, असं मनात आलं आणि गेलं. येताना डोनट घ्यायचं तिच्या लक्षात आलं नाही.

हायडीचा फोन आला. "काय झालं? दिलं का निळ्याला?"

"त्यांनी मत दिलं. स्वतःच्या हाताने. बाकी सांगता येणार नाही, शपथ घेतलीय."

"स्वतःच्या हाताने?" हायडीचा आवाज बदलला. पुढे तिने विचारलंच नाही. "हात कसा धरला होता त्यांनी? सांग ना."

हेल्मीने सांगितलं. पलीकडे बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला. हेल्मी फोन धरून उभी राहिली.

संध्याकाळी सहाला आर्वो आला. या वेळी बूट काढून आत आला, टेबलाशी बसला. तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. त्याने पावाला हात लावला नाही.

"दिलं त्याने?"

"दिलं."

"नारिंगीला?"

"शपथ घेतलीय, आर्वो."

त्याने कप फिरवला, परत फिरवला. "मी लालला दिलं," तो म्हणाला.

हेल्मीने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"निळे येतील म्हणून. सगळे म्हणायला लागले, मतं फुटतील, फुटतील. क्लबातसुद्धा तेच. मी तुझ्याकडे यायच्या आधीच, आगाऊ मतदानाला आत गेलो आणि लालवर मारून आलो. एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा. गाडीत बसून राहिलो वीस मिनिटं." त्याने तळहाताने तोंड पुसलं. "म्हणून तुझ्या मागे लागलो होतो. म्हटलं, रेयोचं तरी राहू दे. घरातलं एक तरी."

त्याचे डोळे भरले होते. हेल्मीला वाटलं, आपल्याला आता काहीतरी वाटायला हवं. तिने कागदी रुमालाचा तुकडा फाडून त्याच्यापुढे ठेवला.

"रेयोचं मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "माझं सांगता येतं. मी नारिंगीला दिलं."

"तू?"

"मी."

"अगं पण तू... तू का?"

"तो प्रोव्हो म्हणाला, माझ्याने काही होणार नाही."

आर्वोने कप खाली ठेवला. मग त्याच्या घशातून कसलासा आवाज निघाला, हसण्याचा की खोकल्याचा ते कळलं नाही. "एवढी मोठी युनियन चालवली आम्ही," तो म्हणाला, "आणि हे वाक्य कुणाला सुचलं नाही!" त्याने रुमालात नाक शिंकरलं आणि पावाचा तुकडा उचलला. दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागितला. निकाल ऐकायला थांबतोस का, असं तिने विचारलं तर नको म्हणाला. जाताना मागच्या दाराची सैल झालेली बिजागरी त्याने खिशातल्या चाकूने घट्ट केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुश्रूषागृहात पोचली तेव्हा जेवणघरातल्या टीव्हीवर कुणीतरी हात हलवत होतं. रोविना घाईत होती. दोघींपैकी दुसरी आजारी होती, अठ्ठावीस माणसांना ती एकटी. "कोण आलं निवडून, बघितलंत का?" तिने जाता जाता विचारलं.

"नाही."

हेल्मीने रेयोला दलिया भरवला. मग बाही वर केली, शेजारच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याची खुर्ची जवळ ओढली आणि त्याच्या वाटीतला चमचा हातात घेतला.

"उघडा तोंड," ती म्हणाली.