शेवटचा नळ

"अंकल, तुमची तारीख सांगा," पास्टर मुकेश म्हणाले.

प्रमोद बोर्डेंनी चहाची बशी खाली ठेवली. मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, तेव्हा तारखा निघणारच. पण सोनियाची जन्मतारीख मघाशीच सांगून झाली होती.

"माझी? एकतीस मेला रिटायर होतोय," ते म्हणाले.

होणाऱ्या जावयाने, विनीतने, खाली मान घालून हसू दाबलं. पास्टर मात्र गंभीरच होते.

"वो नहीं अंकल. तारणाची तारीख. प्रभूला तुम्ही स्वतःहून स्वीकारलं तो दिवस. आमच्या कलीसियात, चर्चमध्ये, प्रत्येकाला पाठ असते. माझी सहा ऑगस्ट दोन हजार नऊ, शाम को साडेसात. विनीतची आहे. सोनियाची पण होईल."

बोर्डे विचारात पडले. उल्हासनगरात बत्तीस वर्षं पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेलेल्या माणसाला तारीख-वेळेचं काय भय? कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडलं, किती वाजता तोडलं, सगळं त्यांच्या नोंदवहीत होतं. ही एक नोंद तेवढी नव्हती.

"मी लहानपणापासूनच आहे," ते म्हणाले. "दोन महिन्यांचा असताना जालन्याला बाप्तिस्मा झाला माझा. पाद्रीसाहेबांनी कपाळावर पाणी शिंपडलं."

"किती पाणी?"

"दोन-तीन थेंब असतील. मी काही मोजले नाहीत."

पास्टर मुकेश मनाने वाईट नव्हते. हा उल्हासनगरचा सिंधी माणूस, कधीकाळी मोबाइलची कव्हरं विकायचा. धंदा बुडाला, दारू लागली, आणि मग त्या सहा ऑगस्टच्या संध्याकाळी सगळं पालटलं. ज्याला विहिरीतून बाहेर काढलंय त्याला दोराची तारीख आठवणारच. त्यांनी अगदी मायेने समजावलं. कपाळ ओलं झाल्यानं माणूस नवा होत नाही, अख्खं बुडून वर यावं लागतं. सोनिया त्याला तयार होती. पुढच्या रविवारी आणखी पाच जणांबरोबर तिचा बाप्तिस्मा ठरला होता. राहता राहिला प्रश्न लग्नाचा.

"देखो अंकल, लग्नात मुलीचा हात देणारा सच्चा विश्वासी पाहिजे. आमचा नियम आहे. तुम्ही पण रविवारी पाण्यात उतरा. नाहीतर सोनियाचे मामा, करुणाआंटींचे भाऊ, विश्वासी आहेत, ते देतील हात. राग मानू नका."

बोर्डेंनी राग मानला नाही. त्यांनी बशी उचलली आणि थंड झालेला चहा पिऊन टाकला. मग बशी धरलेल्या बोटांकडे ते बघत राहिले. पोर पहिल्यांदा चालली तेव्हा याच बोटाला धरून चालली होती, आणि आता तिचा हात मामाने द्यायचा.

अंबरनाथच्या त्यांच्या जुन्या चर्चच्या मंडळीतले पंच भांबळसर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, हे ऐकून खवळले. "कोण हे काल आलेले? खरा ख्रिस्ती तो, ज्याचं नाव मंडळीच्या रजिस्टरात आहे. तुझं आहे, तुझ्या बापाचं आहे. दाखला देतो, सहीशिक्क्याचा." सरांनी खरोखरच दाखला दिला. बोर्डेंनी तो नीट घडी घालून पाकिटात ठेवला. समाधान मात्र झालं नाही.

घरी बायकोचं तिसरंच. करुणाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "मला बुडवण्या-शिंपडण्यातलं कळत नाही. रविवारी उपासनेला जो बसतो तो ख्रिस्ती, एवढं मला माहीत आहे. बत्तीस वर्षांत किती रविवार बसलात माझ्या शेजारी?"

 रविवारी लोक घरी असतात, धुणी निघतात, पाणी जास्त लागतं. व्हॉल्व्हमनला रविवारची सुट्टी कुठली? नाताळलासुद्धा ते शेवटच्या गाण्याला मागच्या दारातून शिरायचे, ओल्या पँटीनिशी, आणि भिंतीला टेकून उभे राहायचे. मांडीवर बायबल घेऊन बसलेल्या करुणाबाई मागे वळून बघायच्यासुद्धा नाहीत.

खरं सांगायचं तर बोर्डेंना वाटायचं, तिघांचंही बरोबर असेल. आपणच कमी पडलो. आपला देवाशी संबंध तो केवढा? पहाटे चेंबरचं झाकण सरकवायचं, कमरेएवढी लोखंडी चावी आत सोडायची आणि फिरवायला लागायचं. खदान वस्तीचा व्हॉल्व्ह जड, त्याला बावीस फेरे लागतात. फेरे मोजता मोजता प्रभूची प्रार्थना म्हणायची त्यांना सवय झाली होती. आमेनला पाणी सुटायचं. ही गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. पास्टरना सांगायची तर लाजच वाटली असती.

आणखी एक सवय होती. खदान वस्ती टेकडीवर, लाइनीच्या टोकाला. खालच्या गल्ल्यांनी पंप लावले की वर नुसती हवा फुसफुसते. त्यामुळे व्हॉल्व्ह उघडला की बोर्डे टेकडी चढायचे, सगळ्यात वरच्या बनूबाईच्या दारातल्या नळाला ओंजळ लावायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मगच नोंदवहीत वेळ लिहायचे. साहेबलोकांनी कधी असं करायला सांगितलं नव्हतं. करू नका असंही म्हटलं नव्हतं.

बाप्तिस्म्याच्या आठवड्यात शुक्रवारी दुरुस्तीसाठी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रातून येणारं पाणी बंद राहिलं. शनिवारी आलं ते करंगळीएवढ्या धारेनं. टेकडीवर तेही चढलं नाही. रविवारी पहाटे सहा ते सात ही खदान वस्तीची पाळी होती. पास्टरांच्या गल्लीची पाळी होती संध्याकाळी.

शनिवारी दुपारी पास्टरांचा फोन आला.

"अंकल, टँकरवाला धोका दे गया. म्हणतो सोमवारच्या आधी जमत नाही. उद्या दहाला बाप्तिस्मा, आणि टाकी कोरडी. तुम्ही आमच्या गल्लीला सकाळी फक्त एक तास पाणी सोडा."

"सकाळी खदान वस्तीची पाळी आहे, पास्टरसाहेब. तुमच्याकडे सोडलं तर वर चढणार नाही."

"त्यांना संध्याकाळी द्या. अदलाबदल. प्रभूचंच काम आहे ना?" पास्टरांनी आवाज खाली आणला. "आणि अंकल, जो प्रभूचं काम करतो तो प्रभूचाच. मग मी तारीख विचारणार नाही. हात तुम्हीच द्या."

बोर्डे फोन कानाला लावून उभे राहिले. बत्तीस वर्षांत त्यांना चहा, मिठाई, दिवाळीचा डबा, एकदा तर अख्खा टीव्ही देऊ केला गेला होता, जादा पाण्यासाठी. ते सगळं परत करणं सोपं गेलं होतं. हे जड होतं.

"वर दोन दिवस पाणी नाही," ते अखेर म्हणाले. "नाही जमणार. माफ करा."

समोर सोनिया उभी होती. तिला सगळं समजलं.

"पप्पा, एक तास," ती म्हणाली. "माझ्यासाठी. आयुष्यात कधी तुमच्याकडे काही मागितलंय का मी?"

"नाही मागितलंस," ते म्हणाले.

ती आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.   पोरीच्या आनंदावर आपणच पाणी तोडलं, असं बोर्डेंना वाटत राहिलं.

पहाटे त्यांनी खदान वस्तीच्या व्हॉल्व्हला चावी लावली. बावीस फेरे झाले, पण प्रार्थना अर्ध्यातच राहिली, शब्दच आठवेनात. पाणी मात्र वेळेवर सुटलं. टेकडी चढून ते बनूबाईच्या नळापाशी आले तेव्हा तिचा दुसरा हंडा भरत होता. बनूबाई मूळची मोरिवलीची, वय पासष्ट, जीभ पंचविशीतली.

"का र भाऊ, त्वांड का असं पडलंय? पानी तर झकास आलंय."

त्यांनी ओंजळभर पाणी पिऊन तोंड पुसलं. आणि काय झालं कोण जाणे, जे घरी बोलता आलं नाही ते त्या नळापाशी सगळं बोलून गेले. टाकी, तारीख, एक तास, सोनियाचं बंद दार.

बनूबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पोरीचा कारेक्रम, न् टाकीत पानी नाय. न् ते पानी आमच्या हंड्यात."

"तसं नाही बनूबाई. हे तुमचंच पाणी आहे."

"आमचंच हाये ना? मंग आमी कुनालाबी देऊ." तिने हंडा खाली ठेवला आणि गल्लीत तोंड करून हाळी दिली. "ए चंदू, टेंपो काढ रं. न् ते निळं डरम चांगलं धू, साबनाचा वास नको याला."

पुढचा अर्धा-पाऊण तास वस्तीत नुसती धांदल होती. आधी घरचं भरायचं, मग एकेक हंडा ड्रमात, असा बनूबाईचा हुकूम. एक हंडा म्हणता म्हणता कुणी दोन ओतले, कुणी तीन. बोर्डे नको नको म्हणत राहिले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सात वाजता त्यांनी नियमाप्रमाणे व्हॉल्व्ह बंद केला, एक मिनिटही जास्त नाही. तोवर चार ड्रम काठोकाठ भरले होते. पुढची पाळी अकराची होती.

पास्टरांची कलीसिया फर्निचर बाजाराच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये भरायची. बाप्तिस्म्याची टाकी म्हणजे वरून कापलेली काळी प्लास्टिकची टाकी, बाहेरून पांढरा पडदा लावलेली. पास्टरांनी विकतच्या पाण्याचे दहा जार आणून ओतले होते. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं. घोट्याएवढ्या पाण्यात अख्खा माणूस बुडवायचा कसा, या चिंतेत ते खांद्यावर टॉवेल टाकून उभे होते. पांढरे झगे घातलेले सहा जण रांगेत बसले होते. सोनिया शेवटची. तिचे डोळे सुजले होते.

पावणेदहाला जिन्यात भांड्यांचा आवाज झाला. पेटीवाला वाजवायचा थांबला. दारात डोक्यावर हंडा घेतलेली बनूबाई उभी राहिली, धापा टाकत, कपाळावर कुंकू आणि घाम.

"कुठं वतू?" तिने विचारलं.

तिच्या मागे जिन्यावर खालपर्यंत बायका होत्या. खालच्या सुतारांनी काम थांबवलं होतं. दोघा-तिघांनी रंधे ठेवून ड्रमातले हंडे भरून द्यायला सुरुवात केली होती. एका दुकानदाराने जिन्यातली सोफ्याची फळकुटं उचलायला लावली. हंडे वर जात राहिले, रिकामे खाली येत राहिले. टाकीत पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. हॉलमधली तरुण पोरं उठली आणि त्यांनीही हंडे उचलले. विनीतचा इस्त्रीचा शर्ट भिजून अंगाला चिकटला. पाणी कमरेला लागलं तेव्हा हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवायला लागलं, आणि मग सगळेच वाजवायला लागले.

बोर्डे सगळ्यात शेवटी वर आले. एका खांद्यावर हंडा, दुसऱ्यावर चावी.

पास्टर मुकेश बनूबाईसमोर हात जोडून उभे होते. "मावशी, तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कोन पाठवतंय? ह्याच्या पोरीचा कारेक्रम हाये, पानी नको?" बनूबाईने पदराने तोंड पुसलं. "चौदा वर्सं झाली, हा बाबा टेकडी चढून आमच्या नळाचं पानी पितो, मंगच खाली उतरतो. आज आमचं पानी तोडलं असतं तर आमाला कळलंबी नसतं. लाइन बंद म्हनला असता." तिने पास्टरकडे नीट बघितलं. "तुमच्यातलाच ना ह्यो?"

 करुणाबाईंच्या हातातलं गीतांचं पुस्तक तसंच उघडं राहिलं. पास्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही.

"हो मावशी," ते म्हणाले. "आमच्यातलेच आहेत." मग ते बोर्डेंकडे वळले. "अंकल, मुझे माफ करना. सोनियाचा हात तुम्हीच द्यायचा."

"मी पाण्यात उतरणार नाही हं, पास्टरसाहेब," बोर्डे म्हणाले. "मला माझे दोन थेंब पुरलेत."

"ठीक आहे," पास्टर म्हणाले आणि हसले.

बायका पुढच्या खुर्च्यांवर बसल्या. बाप्तिस्मा सुरू झाला. पाचवा माणूस वर आला तेव्हा बोर्डेंना पडद्याखाली ओल दिसली. बत्तीस वर्षांची नजर ती. त्यांनी पडदा सारून बघितलं. टाकीच्या तोटीपाशी फट पडली होती आणि पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. टेकडीवरून आलेलं पाणी. बोर्डे चटकन गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी उजवा अंगठा त्या फटीवर दाबून धरला.

हॉलमधल्यांना एवढंच दिसलं की बाप टाकीपुढे गुडघे टेकून बसलाय. करुणाबाईंनी बत्तीस वर्षांत नवऱ्याला असं कधी पाहिलं नव्हतं. त्या उठल्या, पुढे आल्या आणि त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसल्या. अंगठा दिसल्यावरही त्या उठल्या नाहीत.

सोनिया पाण्याखाली गेली आणि वर आली. केसांतून, झग्यातून पाणी निथळत होतं. टाकीतून बाहेर पडायला तिला आधार हवा होता. पास्टरांनी हात पुढे केला, पण ती वळली आणि तिने बापाकडे बघितलं.

"पप्पा, हात द्या."

बोर्डेंनी डावा हात वर केला. उजवा अंगठा त्यांनी फटीवरून काढला नाही.