राघू छाप

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पॅटर्न आहे. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा नमुना. मला वाळूत दाबतात, माझ्या आकाराचा खळगा उठतो आणि त्यात वितळलेले लोखंड ओततात. माझ्यावर एक राघू कोरलेला आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पिराजी मिस्त्रींनी मला घडवले. त्यांच्या प्रत्येक उसाच्या चरकावर माझा राघू उमटे. गिऱ्हाईक म्हणे, "राघू छापच द्या!" ते ऐकून मला धन्य वाटे.

पिराजी गेले. फाउंड्री त्यांची लेक संयोगिता बघू लागली. तिच्या थोरल्या भावाने, उदयसिंहाने, जयसिंगपुरात वेगळा कारखाना काढला; तोही राघूच छापू लागला. संयोगिताने राघूची ट्रेडमार्क म्हणून नोंदणी स्वतःच्या एकटीच्या नावावर केली. पुढे चरक केनियाला जाऊ लागले, तेव्हा ट्रेडमार्कच्या आंतरराष्ट्रीय माद्रिद करारातून तिने एकाच अर्जावर केनियासह अनेक देशांत राघूला संरक्षण मिळवले.

उदयसिंहाला हे कळले. त्याने इथली नोंदणी रद्द करण्यासाठी दावा लावला. भावंडांचे बोलणे बंद झाले.

शेवटी वकील अवंतिकाताईंनी दोघांना फाउंड्रीत समोरासमोर बसवले. त्या म्हणाल्या, "परदेशातली नोंदणी पहिली पाच वर्षं इथल्या नोंदणीवर उभी असते. इथली रद्द झाली, की तिकडची सगळी पडते. मग देशोदेशी पुन्हा वेगळे अर्ज. आणि तिथं राघू आपल्या नावावर करायला लोक टपलेत."

उदयसिंहाने मला हातात घेतले. "म्हंजे मी जिंकलो, तर तिकडं राघू आपला न्हाय?"

"न्हाय दादा. तुझा न्हाय, माझाबी न्हाय."

"मग बाबांची वस्तू एकटीच्या नावावर का केलीस?"

"तू निघून गेलास. विचारायचं कुणाला?"

"जयसिंगपूर काय परदेशात हाय व्हय?"

संयोगिताची मान खाली गेली. ती म्हणाली, "दोघांच्या नावावर करूया."

उदयसिंहाने राघूच्या पंखातली वाळू फुंकून काढली आणि मला जपून खाली ठेवले. त्याच आठवड्यात त्याने दावा मागे घेतला. आज इथल्या आणि परदेशातल्या नोंदणीत दोघांचीही नावे आहेत.

आता माझ्या जागी ॲल्युमिनियमचा पॅटर्न आला आहे. मी फळीवर पडून असतो. एका कडेला वाळवीही लागली आहे. त्याचे मला दुःख नाही. राघू वाचला, पण ही भावंडे अजून एकमेकांच्या घरी जेवायला जात नाहीत. मित्रांनो, आपल्या माणसाला विचारायला एवढा उशीर करू नका.