दाराचं तोंड गल्लीकडे

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. आमच्या घराला दोन तोंडं आहेत. पुढे दुकानांचा रुंद रस्ता, मागे अरुंद गल्ली. मला घडवलं ते रस्त्यासाठी. घडवणारा सुतार रंधा मारताना देवाचं नाव गुणगुणायचा. ते थोडंफार माझ्या लाकडात मुरलं असावं, कारण मी आजवर कोणाच्या तोंडावर रागाने आदळलो नाही. वाऱ्याने आदळवलं असेल, ती गोष्ट वेगळी.

पितळेची कडी, वर कोरीव पट्टी, असा माझा थाट होता. जाणारे-येणारे क्षणभर थांबून बघायचे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. मागच्या गल्लीला होतं ते पत्रा ठोकलेलं फळकुट. मधल्या बोळाच्या दोन टोकांना आम्ही समोरासमोर, पण मी त्याच्याशी कधी बोललो नाही. गटाराकडे तोंड करून उभ्या असलेल्याशी काय बोलायचं, असा माझा तोरा.

घराचा गाडा ओढायची सून. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली म्हणून सगळे तिला कंडक्टरबाई म्हणत. सासूबाईंशी तिचं रोज वाजायचं, पण ताटं मांडताना पहिलं ताट त्यांचंच. नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिला मागची गल्ली नीट दिसू लागली. तिथे पिण्याच्या पाण्याचा पाइप उघड्या गटारातून गेला होता. पाइपाला चीर, गटार तुंबलेलं आणि गल्लीतली पोरं एकामागून एक पोटाने आजारी. पालिकेत खेटे घालून तिच्या चपला झिजल्या. शेवटी ती म्हणाली, "मागून मागून थकले. आता देणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघते." आणि गल्लीच्या प्रभागातून तिने निवडणुकीचा अर्ज भरला.

तिने आपला फलक माझ्या छातीवर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळीच निवडणूक अधिकारी हजर.

"बाई, हा फलक काढावा लागेल. उमेदवाराचा फलक त्याच्या प्रभागाबाहेर चालत नाही."

"प्रभागाबाहेर? अहो, घर माझं आहे."

"घर तुमचंच. पण हद्द बदललीय. नवी रेघ तुमच्या घरांच्या ओळीतून गेली. रस्ता एका प्रभागात, गल्ली दुसऱ्यात. आणि घराचं मुख्य दार जिकडे उघडतं, त्या प्रभागात ते घर धरायचं, असा नियम आहे." मग जरा खालच्या आवाजात ते म्हणाले, "उमेदवार प्रभागात राहणारा हवा. छाननीच्या दिवशी तुमचा अर्ज बाद होईल."

गल्लीचे जुने नगरसेवक, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, समोरच्या चहाच्या दुकानातून ऐकत होते. रेघ कोणी ओढली ते मी पाहिलेलं नाही. पण भाऊ त्या दिवशी माझ्याकडे बघून हसले, ते मी पाहिलं.

"काय वहिनी, बस चुकली वाटतं?"

"चुकली नाही हो भाऊ," कंडक्टरबाई फलकाचे खिळे हाताने उपसत म्हणाली. "थांबा तेवढा बदललाय."

संध्याकाळच्या आत तिने गल्लीतल्या सुतारकाकांना बोलावलं. म्हणाली, "हे दार मागे बसवायचं. मागचं फळकुट इथे."

सुतारकाकांनी डोकं खाजवलं. "मागची चौकट अरुंद आहे, बाई. भिंत फोडावी लागेल."

"मग फोडा."

सासूबाई आतून आल्या. "माझ्या सासऱ्यांनी बसवलेलं दार आहे ते. उद्या मलाही उचलून मागे ठेवशील."

"तुम्हाला कोण उचलणार, आई? काकांची कंबर आधीच गेलीय."

सासूबाईंनी सुनेशी अबोला धरला.

मित्रांनो, बिजागऱ्या निघताना मला काय वाटलं ते सांगून तुम्हाला रडवत नाही. पण गल्लीकडे तोंड झालं आणि पहिल्याच दिवशी समोरच्या घरातलं लेकरू दोन हातांनी पोट धरून कण्हताना दिसलं. जे फळकुट इतकी वर्षं बघत आलं होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. माझा तोरा तिथेच उतरला.

भाऊंनी हरकत घेतली. "दार हलवलं म्हणून वाट हलत नाही. सगळं नाटक आहे. घरची माणसं बघा, पुढूनच शिरतील."

अधिकारी म्हणाले, "घर ज्यातून ये-जा करतं ते मुख्य दार. मी स्वतः बघतो." आणि ते रस्त्यावर खुर्ची टाकून बसले. भाऊही शेजारी बसले.

कंडक्टरबाई बाहेर गेली होती. तेवढ्यात सासूबाईंची रिक्षा गुडघ्यांच्या डॉक्टरांकडून आली आणि सवयीने पुढच्या दारापाशी थांबली. पुढचं आता मला दिसत नव्हतं, पण बोळातून शब्दन् शब्द ऐकू येत होता. म्हातारी तिथली एक पायरी चढली असती, तर सुनेचा अर्ज गेला असता. देवाशपथ सांगतो, माझ्या कडीला घाम फुटला.

"या काकू," भाऊंनी गोड आवाजात म्हटलं. "दार समोरच आहे. गुडघ्यांना कशाला त्रास?"

"हे होय?" सासूबाई म्हणाल्या. "हे मागचं दार आहे. साहेब आलेत घरी, त्यांना मागच्या दाराने नेऊ? आम्हाला काही रीत आहे की नाही? धरा हो साहेब, माझा हात धरा."

साहेबांनी हात धरला. कोपऱ्यावरून वळून दोघं गल्लीत आली तेव्हा मला दिसली. म्हातारी दर चार पावलांना थांबत होती, कण्हत होती, आणि चालत होती. "सून माझी हट्टी आहे," त्या सांगत होत्या. "माझ्याच हाताखाली तयार झाली, दुसरं काय होणार. जरा जपून, साहेब."

पण साहेबांचा बूट गटारात गेलाच. पाय वर काढताना त्यांना तो चिरलेला पाइप दिसला. त्यांनी वाकून ती चीर नीट पाहिली.

मग सासूबाईंनी माझ्या कडीला हात घातला. मी आजवर इतक्या अलगद कधी उघडलो नसेन.

अर्ज टिकला. फलक पुन्हा माझ्यावर आला, आणि खिळे हातात धरून सासूबाईच उभ्या होत्या. "वेडावाकडा ठोकू नकोस. लाकडाला चीर जाईल," असं त्या सुनेला म्हणाल्या आणि अबोला संपला.

पण मित्रांनो, कंडक्टरबाई हरली. भाऊ पुन्हा निवडून आले. त्यांचे फलक अजून दिव्यांच्या खांबांवर फाटून लोंबताहेत. हिने आपला फलक दुसऱ्याच दिवशी उतरवला, आणि खिळ्यांची भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली.

सुतारकाका विचारायला आले. "मग बाई, दार परत पुढे नेऊ?"

तिने गटाराकडे पाहिलं. "पाइप दुरुस्त झाला का, काका?"

"नाही."

"मग दार कशाला हलवायचं? उद्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या बायकांना इथे बोलवा. पालिकेत जायचंय."

त्या सकाळपासून माझ्या उंबऱ्यावर चपलांना जागा पुरत नाही. माझ्याकडे थांबून बघणारं इथे कोणी नाही. इथे येणाऱ्याला आत यायचं असतं. तुम्हाला एकच सांगणं आहे. दुसऱ्याच्या दारावर, भिंतीवर काही लावायचं असेल तर आधी विचारा, आणि लावलंत तर स्वतःच्या हाताने उतरवा. आणि कधी या गल्लीत आलात, तर माझ्या खालच्या बिजागरीला थोडं तेल घाला. ती करकरायला लागली आहे, आणि मला अजून पुष्कळ वेळा उघडायचं आहे.