मांडीवरचं ताट

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. जेवणाचं टेबल, हे आधीच सांगून ठेवतो. मधलं एक वर्ष मला सगळे ऑफिसचं टेबल म्हणायचे आणि ते माझ्या मनाला फार लागायचं. मी राहतो कतारमध्ये, दोह्याच्या नजमा भागात, एका फ्लॅटच्या तिसऱ्या मजल्यावर.

माझा जन्म १९९७ सालचा. साताऱ्याकडून दोह्यात आलेल्या धोंडीराम सुतारांनी मला इथेच घडवलं. त्यांच्या वर्कशॉपशेजारच्या गोदामात यंत्रांची मोठाली लाकडी खोकी यायची, त्यांच्या उरलेल्या फळ्या माझ्या वाट्याला आल्या. मला करवून घेणारे रहमानभाई. रत्नागिरीकडचे, एका कंपनीत कारकून. बायको हमिदा आणि मुलं गावी, हे एकटे इकडे.

“सहा माणसांचं करा,” रहमानभाई म्हणाले.

“अवो, पण ऱ्हाताय तुमी एकलंच की.”

“येतील सगळी, इन्शाल्ला. आल्यावर धावपळ नको.”

धोंडीराम हसले आणि त्यांनी सहा जणांचंच माप धरलं. रहमानभाईंची खोली एवढीशी. मी आत गेलो आणि दार पुरतं उघडेनासं झालं. मित्र थट्टा करायचे, रहमानभाई कानाआड करायचे. माझ्या एका टोकाला बसून ते भात-कालवण जेवत. एकदा त्यांनी शेगडीवरून उतरवलेली चहाची किटली तशीच आपल्या ताटापुढे माझ्यावर टेकवली. त्याचा पांढरा गोल डाग अजून माझ्या अंगावर आहे. फोनवर ते बायकोला त्या डागाची हकीकत सांगत आणि वर म्हणत, “हमिदा, तुझी जागा माझ्या उजव्या हाताला ठेवलीय.” पण कुटुंब आणायची परवानगी मिळायला लागतो तेवढा पगार त्यांचा कधी झालाच नाही. मग एका वर्षी ते सुट्टीवर गावी गेले आणि तिथेच वारले. उजव्या हाताची जागा तशीच राहिली. तिथे एकदा तरी हमिदाबाईंचं ताट यावं, एवढी एकच आस मला तेव्हापासून लागून राहिली.

त्यांचा मुलगा अम्मार तोवर दोह्यात नोकरीला लागला होता. त्यानं मला या फ्लॅटमध्ये आणलं. २००४ साली त्याचं उजमाशी लग्न झालं. उजमाचं मूळ कोकणातलंच, पण ती वाढली न्यू जर्सीत आणि तिचा पासपोर्टही अमेरिकेचा. तिथल्या एका विमा कंपनीनं तिला दोह्यातून, घरूनच काम करायची मुभा दिली. मुलगी मोठी गोड आणि सरळ मनाची. तिच्या सरळपणानंच माझा घात केला म्हणा ना.

कतारमध्ये पगारावर टॅक्स नाही. इथल्या नोकरदारांना त्याची गंधवार्ताही नसते. पण अमेरिकेचा पासपोर्ट असला की जगात कुठेही राहा, कमाईचा हिशेब तिकडे द्यावा लागतो. २००६च्या सुरुवातीला ऑफिसातल्या मैत्रिणीनं उजमाला फोनवर सांगितलं की घरून काम करणाऱ्याला कामाच्या जागेपुरती टॅक्समध्ये सवलत मागता येते. अट एकच, ती जागा फक्त कामासाठी वापरायची. झालं, उजमानं मला ओढत सामानाच्या खोलीत नेलं. माझ्यावर कॉम्प्युटर बसला, बाकी खुर्च्या बाहेर राहिल्या आणि माझ्या नशिबी कागद आले. कागदांना काही वास असतो का हो? मी मसाल्याच्या वासासाठी झुरत बसलो.

अशात त्याच वर्षाच्या शेवटी, हिवाळ्यात हमिदाबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. बुरखा उतरवायच्या आधीच त्यांनी विचारलं, “यांचं टेबल कुठं हाय गो बाय?”

उजमानं खोली उघडून दाखवली आणि ओशाळली. “अम्मी, सॉरी हां. ही रूम ओन्ली कामाची आहे. टॅक्ससाठी मला तसं लिहून द्यायचंय. मी इथे चहा पण नाही ठेवत.”

“एक दिवस जेवलो तर अमेरिकेला कोण सांगायला जातंय?” अम्मार म्हणाला.

“मी खोटी सही नाही करणार.”

“नकोच करू,” हमिदाबाई म्हणाल्या. “लिहून द्यायचं म्हणजे पाळायचं. आम्ही खाली बसून जेवू, सवय हाय.”

अशी ती तीन माणसं बाहेर जमिनीवर दस्तरखानाची चादर अंथरून जेवायची. हमिदाबाई रोज मला पुसायच्या आणि त्या पांढऱ्या डागावर त्यांचा हात जरा जास्त वेळ थांबायचा. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बसा हो. पण लाकडाला तोंड कुठलं.

व्हिसा संपत आला. अम्मार आणि उजमा गावाकडच्यांसाठी खरेदीला सूक वाकिफच्या बाजारात गेले. तेव्हा हमिदाबाई हळूच आत आल्या. हातात ताट होतं, त्यात भात आणि कोळंबीचं कालवण. त्यांनी डागाकडे पाहिलं, त्याच्या उजव्या हाताला खुर्ची ओढली आणि बसल्या. “आले हो,” त्या म्हणाल्या, “जरा उशीर झाला.” माझी फळी आसुसली होती. पण ताट त्यांनी मांडीवरच धरलं, माझ्यापासून चार बोटांवर. जेवताना एक शीत माझ्यावर पडलं. तेही त्यांनी लगेच उचलून तोंडात टाकलं.

चार दिवसांनी त्या गावी परतल्या.

वसंतात टॅक्स भरायची वेळ आली आणि उजमानं न्यू जर्सीतल्या हिशेबनिसाला फोन लावला. तो म्हणाला, “परदेशात राहून मिळवलेली तुमची एवढी कमाई मुळातच माफ आहे. तिच्यावर टॅक्सच नाही, मग सवलत कशातून वजा करणार?” उजमानं माझ्यावरचे कागद गोळा केले. मग तिनं अम्मारला हाक मारली. दोघांनी मला हॉलमध्ये आणलं आणि तिनं गावी फोन केला.

“अम्मी, चुकलं माझं. टेबल अडवायची गरजच नव्हती. आधी विचारायला हवं होतं. तुम्ही परत या.”

“गुडघे आता विमानाचे नाय राहिले गो. आणि बसले होते मी एकदा. तुम्ही बाजारात गेलेलात तेव्हा. ताट मांडीवर धरलं हां, टेबलाला लावलं नाय.”

उजमानं फोन अम्मारच्या हातात दिला.

आता दर शुक्रवारी नमाजानंतर ती दोघं माझ्यावर जेवतात. डागाच्या उजव्या हाताला फोन ठेवतात, त्याचा स्पीकर लावतात. तिकडे कोकणात घड्याळ अडीच तास पुढे, दिवस कलायला आलेला असतो, तरी हमिदाबाई तोवर उपाशी थांबतात. त्यांच्या ताटाचा आवाज मला ऐकू येतो. ताट मात्र तिकडेच असतं, आणि ते काही आता येणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याची निगा राखायला फारसं काही लागत नाही. ओलं फडकं तसंच ठेवू नका, एवढं पुरे. पण लांबून माणूस आलं, तर नियम नीट विचारून घ्या आणि त्याचं ताट मांडीवर राहू देऊ नका. सांडलं तर सांडू द्या. डाग मी सांभाळतो.