बन्सीलालच्या गळ्यातली वीणा

या, टाळ खाली ठेवा आणि जवळ सरका. आमच्या गावच्या सप्ताहातली, एका कॅसेटची गोष्ट सांगतो.

एकोणनव्वद साल. धुळ्याच्या लताबाई व्हिडिओ कॅमेरा घेऊन फिरायच्या. टीव्हीवर न दिसणारं टिपायच्या आणि चौकाचौकात लोकांना दाखवायच्या. सप्ताहाच्या मंडपात, एका कोपऱ्यात आमच्या बायका त्यांच्यापुढे बोलल्या. विषारी दारूनं कुणाचा नवरा गेला, कुणाचा मुलगा. गुत्ता बन्सीलालचा, हेही त्यांनी नाव घेऊन सांगितलं. कॅसेट एकच होती.

बन्सीलालला कुणकुण लागली. तो मंडपाच्या तोंडाशी उभा राहून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाची पिशवी चाचपू लागला. लताबाई झडती देऊन रिकाम्या हातानं एसटीकडे गेल्या. कॅसेट आमच्या गावच्या म्हाताऱ्या वारकऱ्याच्या, हिलाल आबांच्या उपरण्याखाली खोचलेली होती. गळ्यात पहाऱ्याची, म्हणजे पाळीपाळीनं अखंड नाम घेत वागवायची वीणा होती, तोवर त्यांना हात लावायची कुणाची छाती नव्हती. पण वीणा घेऊन मंडपाबाहेर जाता येत नाही, आणि धुळ्याची एसटी सुटायला आलेली.

आबा नाम घेत थेट बन्सीलालपुढे गेले. "ले भाऊ, तुना पहारा."

"मना संध्याकायले शे, आबा."

"मना पाय थकनात. देवले नही म्हनशी का?"

सारा मंडप बघत होता. बन्सीलालनं मान पुढे केली. आबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडले आणि शेजारून सावकाश बाहेर निघून एसटीकडे गेले. सप्ताहात वीणा खाली ठेवता येत नाही. पहारा बदलताना सोडलं, तर मुखात नामाशिवाय दुसरा शब्दही चालत नाही. बन्सीलाल विठ्ठल विठ्ठल म्हणत कॅसेट घेऊन गेलेल्या एसटीचा धुरळा बघत राहिला.

पुढच्या सप्ताहात वीणेकऱ्याच्या पाया पडाल, तेव्हा आमच्या हिलाल आबांना आठवा.