महापौरांनी कुलूप लावलेला फलक

मी एक जुना सूचनाफलक आहे, मित्रांनो. डेन्मार्कमधल्या लुनहावन या छोट्या बंदरावर, धक्क्याजवळ, मी उभा आहे. विलॅड्स सुताराने मला ओकच्या फळ्यांतून घडवले आणि नगरपालिकेने मला गावासाठी खुले केले. हरवलेली मांजरे, विकाऊ सायकली, नाचाची आमंत्रणे, सारे मी अंगावर मिरवले. वाऱ्याने कागद फडफडले की मला गुदगुल्या होत.

बोडिलबाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षे काढली होती. त्यांचे पती एव्हाल्ड वृद्धाश्रमात राहत. तिथले स्वयंपाकघर बंद होणार नाही, असा शब्द देऊन प्रेबेन महापौर झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी ते बंद केले. जेवण दूरच्या शहरातून डब्यांत येऊ लागले. एव्हाल्डआजोबा दोन घास खाऊन ताट सरकवत.

एका सोमवारी बाईंनी माझ्यावर कागद लावला : ‘प्रेबेन, तुझा शब्द आणि आमच्या म्हाताऱ्यांचं जेवण, दोन्ही थंडगार पडलीयत. उत्तर दे.’

लोक थांबून वाचू लागले. दुपारपर्यंत कागद गायब! बाईंनी दुसरा लावला, तोही गेला. तिसऱ्या वेळी महापौर स्वतः आले, ते माझ्यासाठी काचेचे दार आणि कुलूप घेऊनच.

“बोडिलबाई, यापुढे कागद आधी कचेरीत दाखवायचा. लावायचा की नाही, ते आम्ही ठरवू.”

“अरे, शाळेत माझं सूप आवडलं नाही की चमचा आपटून साऱ्यांना सांगायचास. तेव्हा मी तुझ्या तोंडाला कुलूप लावलं होतं का रे?”

कुणीतरी फिसकन हसले. महापौरांचे कान लाल झाले. “तेव्हा मी लहान होतो.”

“आणि आता महापौर आहेस, म्हणून तर जास्त ऐकून घ्यायचं! लोकांचं लिहिणं आधी तपासायची रीत पुन्हा कधीच आणायची नाही, असं आपल्या राज्यघटनेत लिहिलंय. तिथं राजाचंही चालत नाही, तू कोण लागून गेलास?”

तरीही कुलूप लागलेच.

मित्रांनो, ते पाच महिने मला फार जड गेले. काचेआड महापौरांचे हसरे छायाचित्र तेवढे उरले. लोक माझ्याकडे न बघताच होडीत चढत. बाईंनी लोकपालांकडे तक्रार धाडली, तेव्हा शेजारीण इंगर म्हणाली, “एवढ्याशा कागदापायी कशाला जिवाला घोर लावून घेतेस गं?”

“एव्हाल्डला आता नीट बोलता येत नाही, इंगर. त्याच्या वाटचं कोण बोलणार?”

वसंतात लोकपालांचा निकाल आला. लोकांसाठी खुला केलेला फलक, टीका झोंबली म्हणून बंद करता येत नाही. महापौर स्वतःच दार काढायला आले. स्क्रू गंजले होते. बाईंनी काच धरून ठेवली.

“माफ करा, बोडिलबाई.”

“माफी राहू दे. उत्तर दे.”

दुसऱ्या दिवशी महापौरांनी आपल्या हस्ताक्षरातले उत्तर माझ्यावर लावले. त्यावरून सभा झाली, भांडणे झाली आणि शरदात वृद्धाश्रमाची चूल पुन्हा पेटली. एव्हाल्डआजोबांनी गरम बटाटे दोनदा मागून खाल्ले. त्या हिवाळ्यात ते गेले. ती बातमीही बाईंनी माझ्यावरच लावली, आणि मी ती वाऱ्यात घट्ट धरून ठेवली.

पुढची निवडणूक प्रेबेन हरले. एके सकाळी ते घडी केलेला कागद घेऊन घुटमळत होते. माझ्यावर वरच्या बाजूला तसूभरही जागा नव्हती.

“काय रे?” बाईंनी विचारले.

“नव्या महापौरबाईंबद्दल आहे. जरा कडक लिहिलंय.”

बाईंनी चष्मा लावून सगळे वाचले. “मला यातलं अक्षरही पटत नाही,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी स्वतःचा वरचा कागद काढून खाली, कोपऱ्यात लावला. “हं, लाव इथं. वर नीट दिसेल.”

मित्रांनो, मला रंग दिला नाहीत तरी चालेल. पण न पटलेला कागद फाडू नका. त्याच्याशेजारी आपला लावा.